तलंगेचा दाणा केव्हां बदलावा?

कोंबडीच्या पिलाला काय खाऊं घालावें, हा प्रश्न माणसानें कोंबडी पाळली तेव्हांपासूनचा आहे. परंतु वयांत येणाऱ्या कोंबडीचें, म्हणजे आपल्या खेड्यांतून जिला तलंग म्हणतात तिचें, खाद्य नेमकें केव्हां बदलावें, हा प्रश्न फार अलीकडचा. सव्वाशें वर्षांपूर्वीं एखाद्या शेतकरणीला तो कोणी विचारला असता, तर ती हंसली असती. तिच्या अंगणांतल्या कोंबडीचें खाद्य कोणी बदलीतच नव्हतें. तें ती कोंबडीच बदलीत असे. पिलूं असतांना ती आईच्या मागून वाळवी आणि किडे टिपी, मोठी होतां होतां कणी-कोंड्यावर व सांडलेल्या ज्वारीवर येई, आणि अंड्यावर आली कीं भिंतीच्या पोपड्यावर, चुन्याच्या खड्यांवर, शिंपल्यांच्या तुकड्यांवर चोंच मारीत हिंडे. हें तिला कोणीं शिकविलें होतें?

आज ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा कोंबडीशीं संबंध न्याहरीच्या बशीपुरताच येत असेल. तरीहि ही हकीकत ऐकण्याजोगी आहे. एका साध्या पांखराच्या हाडांत काय चालतें हें कळायला माणसाला दीडशें वर्षें लागलीं, आणि तें कळेपर्यंत त्याची किंमत त्या पांखरानें भरली.

अगदीं जुना दाखला पाहावयाचा तर रोमन ग्रंथकार कोलुमेल्ला याचा घ्यावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत त्यानें शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या आठव्या भागांत कोंबड्यांचा विचार केला. अर्धवट शिजविलेले जव दिले असतां अंडीं मोठीं होतात व वरचेवर मिळतात, असें तो सांगतो. द्राक्षाचा रस काढून उरलेला चोथा मात्र कोंबड्या अंडीं देत नसतील त्याच दिवसांत द्यावा, एरवीं देऊं नये, असेंहि त्याचें म्हणणें आहे. कारण त्यानें अंडीं लहान व विरळ होतात. म्हणजे अंड्यावर असलेल्या कोंबडीचें खाणें वेगळें आणि नसलेलीचें वेगळें, ही कल्पना त्याला होती. कारण मात्र त्याला सांगतां येत नव्हतें. त्याच्यामागून सतराशें वर्षें तरी तें कोणालाच सांगतां आलें नाहीं.

पुढची पायरी फ्रान्समध्यें घडली, आणि ती मोठी मौजेची आहे. लुई-निकोला व्होक्लँ हा आपल्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ; क्रोमियम हें मूलद्रव्य यानेंच शोधून काढलें. १७९९ मध्यें त्यानें एक कोंबडी कोंडून ठेवली आणि दहा दिवस तिला केवळ ओट खाऊं घातले. ओटांत चुना किती आहे हें त्यानें आधींच मोजून ठेवलें होतें. मग त्या दहा दिवसांत तिनें घातलेल्या अंड्यांच्या कवचांत आणि तिच्या विष्ठेंत किती चुना निघाला तेंहि मोजलें. हिशेब मांडून पाहतो तों जमा थोडी आणि खर्च भारी! कोंबडीनें खाल्ला त्याहून पुष्कळच अधिक चुना बाहेर टाकला होता. व्यापाऱ्याच्या वहींत असा प्रकार आढळला तर आपण मुनिमाला धरूं. येथें धरावें कोणाला? कोंबडी आपल्या शरीरांत चुना निर्माण करते कीं काय, अशी शंका येण्यासारखाच तो आंकडा होता. विसाव्या शतकांत लुई केर्व्हरान् नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थानें या जुन्या प्रयोगाचा आधार घेऊन, प्राण्यांच्या शरीरांत एका मूलद्रव्याचें दुसरें होतें, असा सिद्धान्तहि मांडला. शास्त्रानें तो मानला नाहीं, आणि तें योग्यच झालें. व्होक्लँची तराजू बरोबर होती. त्यानें कोंबडीच्या आंतली तिजोरी तेवढी हिशेबांत धरली नव्हती. ती तिजोरी म्हणजे तिचीं हाडें.

ही तिजोरी किती मोठी व तींतून उचल किती, हें आज आपल्याला माहीत आहे. अंड्याचें कवच जवळजवळ सगळेंच कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्याच जातीचा चुना. एका कवचांत दोन ग्रॅमांहून थोडें अधिक कॅल्शियम असतें, आणि कोंबडीच्या सबंध सांगाड्यांत तें सुमारें वीस ग्रॅम. म्हणजे एका अंड्यापाठीमागें सांगाड्याचा दहावा हिस्सा बाहेर पडतो. त्यांतहि गोम अशी कीं, कवच चढावयाला वीसएक तास लागतात व त्याचा मोठा भाग रात्रीं चढतो. त्या वेळीं कोंबडी दांडीवर झोंपलेली असते, तिच्या पोटांत नवा दाणा जात नसतो. मग त्या तासांत उणा पडणारा चुना हाडांतूनच काढावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशीं खाऊन तो परत भरावा लागतो.

अंगणांतल्या कोंबडीला हा व्यवहार आपला आपण संभाळतां येत असे. तो तिच्या हातून गेला तो १९२० नंतर. तोंपर्यंत पिलें घरांत कोंडून वाढवूं म्हटलें तर तीं पायांनीं लुळीं होत. यामुळें थंडीच्या दिवसांत युरोप-अमेरिकेंत हा धंदा जवळजवळ बंदच पडे. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील हार्ट, हॅल्पिन व स्टीनबॉक या संशोधकांनीं त्या दशकांत दाखवून दिलें कीं, हा लुळेपणा म्हणजे मुलांच्या मुडदुसाचाच भाऊ आहे, आणि सूर्यप्रकाशानें किंवा कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें तो टळतो. ड जीवनसत्त्वाच्या या शोधानें मुलांचें कल्याण झालें हें आपण शाळेंत शिकतों. त्याच शोधानें कोंबडीचें अंगण काढून घेतलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. तेलाचे चार थेंब खाद्यांत मिसळले कीं ऊन नको, माती नको, मोकळी हवा नको. बाराहि महिने छपराखालीं हजारों पक्षी वाढवितां येऊं लागले. पाठोपाठ तारेचे पिंजरेहि आले. आतां समोरच्या पन्हळींत माणूस जें ओतील तेंच खाणें. पिलांचें खाद्य, वाढीचें खाद्य, अंड्यांवरील कोंबडीचें खाद्य असे भाग पडले ते यामुळें, आणि एकांतून दुसऱ्यांत केव्हां जावयाचें हा प्रश्नहि त्याच वेळीं जन्माला आला.

त्याचें उत्तर एका भलत्याच पक्ष्याच्या हाडांत सांपडलें. १९३४ मध्यें प्रेस्टन काइज व ट्रूमन पॉटर या अमेरिकन संशोधकांनीं कबुतरांच्या माद्यांचीं हाडें तपासलीं. अंडीं घालण्याचा काळ जवळ आला कीं हाडाच्या पोकळींत, जेथें एरवीं नुसती मज्जा असावयाची तेथें, नव्या हाडाची नाजूक जाळी भरूं लागते. अंडीं घालून झालीं कीं ती विरून जाते. हें मज्जेंतलें हाड शरीराचा भार पेलीत नाहीं, त्याला आकार नाहीं कीं बळकटी नाहीं. तो निव्वळ कवचासाठीं सांठविलेला चुना! स्त्रीत्वाचा जो अंतःस्राव बीजकोशांतून रक्तांत मिसळूं लागतो त्याच्या हुकुमानें तें तयार होतें. नरालाहि तो टोचला तर त्याच्या हाडांत तेंच होतें. (२००५ मध्यें मेरी श्वाइट्झर या विदुषीनें टिरॅनोसॉरस या अवाढव्य सरड्याच्या मांडीच्या हाडांत असेंच हाड सांपडल्याचें जाहीर केलें, आणि पावणेसात कोटि वर्षांपूर्वींचा तो प्राणी मादी होता असा निष्कर्ष काढला. आपल्या खुराड्यांतल्या कोंबडीचें घराणें लहान नाहीं!)

कोंबडींत हें काम पहिल्या अंड्याच्या सुमारें दोन आठवडे आधीं सुरूं होतें. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एडिंबरोजवळील रॉस्लिन येथील संशोधकांनीं पुढें दाखविलें कीं, एकदां कोंबडी वयांत आली म्हणजे भार पेलणारें खरें हाड बनणें थांबतें. त्यानंतर सारें मज्जेंतलेंच हाड बनतें. म्हणजे तलंगेला आपला सांगाडा जो काय उभारावयाचा तो पहिल्या अंड्याच्या आधीं. पुढें ती अंड्यावर आहे तोंपर्यंत त्यांतून झीज तेवढी होत राहते.

या दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे चूक दोन्ही बाजूंनीं कां होते तें उमगतें. बदल उशिरां झाला, तर तलंग वाढीच्या खाद्यावर, म्हणजे शेंकडा एक भाग कॅल्शियमवर, अंडीं घालूं लागते. तिजोरी रिकामी होते, आणि मग भार पेलणाऱ्या हाडालाच हात लागतो. १९५० नंतर पिंजऱ्यांतल्या कोंबड्या पायांवर उभ्या राहीनाशा झाल्या, त्यांचीं हाडें हातांत घेतां मोडूं लागलीं. अमेरिकेंत या दुखण्याला ‘पिंजऱ्यांतला थकवा’ असें नांव पडलें. आज वर्षाला तीनशें अंडीं देणाऱ्या जातींतहि छातीचें हाड मोडणें ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. त्यांची पूर्वज रानकोंबडी वर्षाकांठीं फार तर दहा-पंधरा अंडीं घाली, हें येथें विसरूं नये.

मग घाई केली तर? लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीचीं पिलें दोन महिन्यांचीं झालीं कीं अंड्यांवरचें खाद्य सुरूं करावें, म्हणजे काळजी मिटली, असें कोणाला वाटेल. १९६९ मध्यें शेन, यंग व क्रूक यांनीं वाढत्या तलंगांना असें भारी कॅल्शियमचें खाद्य दिलें, तेव्हां त्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळलीं. कवचाची वाट अजून उघडलेली नसते, तेव्हां तो सारा चुना मूत्रपिंडांवाटे बाहेर पडूं पाहतो. हें नुकसान आंतल्या आंत होतें. बाहेरून तलंग चांगली टवटवीत दिसते, आणि चार-सहा महिन्यांनीं ऐन अंड्यावर असतांना एके दिवशीं मरून पडते. तेव्हां कोणी खाद्याला दोष देत नाहीं.

म्हणून हल्लींचा रिवाज असा आहे. सहा ते आठ आठवडे पिलांचें प्रथिनयुक्त खाद्य. मग वाढीचें खाद्य. पहिल्या अंड्याच्या अंदाजे दोन आठवडे आधीं मधल्या प्रतीचें, शेंकडा दोन-अडीच भाग कॅल्शियमचें. आणि पहिलीं अंडीं दिसतांच साडेतीन ते चार भागांचें. व्यापारी संकरित जातींत पहिलें अंडें अठरा-एकोणीस आठवड्यांवर येतें, म्हणून पोत्यांवर सोळा, अठरा असे आठवडे छापलेले असतात. हे आंकडे त्या जातींपुरते खरे. आपल्या गांवठी तलंगेला अंड्यावर यायला सहा-सात महिने सहज लागतात. तिला सोळाव्या आठवड्यांत अंड्यांचें खाद्य घालणें म्हणजे दोन-तीन महिने तिच्या मूत्रपिंडांवर ओझें टाकणें होय. माझ्या मतें येथें पोत्यापेक्षां पांखराकडे पाहावें हें उत्तम. तुरा फिका असतो तो वाढून लालबुंद होतो. पाठीवर हात ठेवतांच तलंग खालीं दबून बसते. आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्यें, जेथें पूर्वीं एक बोट जेमतेम शिरे, तेथें दोन बोटें मावूं लागतात. बीजकोश जागा झाल्याच्या या खुणा आहेत, आणि मज्जेंतल्या हाडाला हुकूम सुटतो तो त्याच वेळीं.

घराच्या मागें पांच-दहा कोंबड्या पाळणाराची अडचण वेगळी. त्याच्याकडे पिलूं, तलंग आणि जुनी कोंबडी एकाच खुराड्यांत असतात, आणि पन्हळ एकच. अशा ठिकाणीं काय करावें, याचें उत्तर पुन्हां कोंबडीकडेच जातें. १९७१ मध्यें ह्यूज व वुड-गश यांनीं एडिंबरो येथें प्रयोगानें दाखविलें कीं, कॅल्शियमची उणीव असलेली कोंबडी कॅल्शियम असलेलें खाद्य ओळखून निवडूं शकते. इतरांच्या पाहणींतहि असें आढळलें कीं, कवच चढावयाचें असेल त्या दिवशीं, आणि विशेषतः संध्याकाळीं, ती चुन्याकडे वळते. म्हणून सर्वांना वाढीचेंच खाद्य घालावें, आणि निराळ्या भांड्यांत शिंपल्यांचा भरड चुरा ठेवून द्यावा. कोंकणांत व गोव्यांत तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्या विपुल. पूर्वीं त्या भाजून घराला लावावयाचा चुना करीत. त्या धुऊन, वाळवून जाडसर कुटल्या कीं झालें. पीठ मात्र करूं नये, कारण जाड तुकडा पेषणींत रात्रभर हळूहळू विरघळत राहतो व कवच चढण्याच्या वेळीं उपयोगी पडतो. भांडें ठेवल्यावर पहिले कांहीं आठवडे तलंगा त्याच्याकडे ढुंकूनहि पाहात नाहींत. मग एके दिवशीं सायंकाळीं, दांडीवर चढण्यापूर्वीं, लाल तुऱ्याची एखादी तेथें थांबते आणि टिपूं लागते.