दीड इंचाची पायरी

गेल्या दिवाळीत आजी माजघरातून पुढच्या खोलीत येताना तोल जाऊन पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती भिंत धरून चालते. आमचं घर दौंड तालुक्यात, भीमेपासून जवळच. बाबांनी ठरवलं, दोन्ही खोल्यांत कार्पेट टाकू. मिस्त्रीकाकांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, दोन्हीकडच्या भिंतींवर एका पातळीत खुणा केल्या आणि तिथून खाली टेप लावला. फरक ४० मिलिमीटर.

"दादा, कार्पेटनं पायरी झाकंल, जायची नाही. झाकलेली पायरी जास्त वाईट."

माझा धंदा कोडचा. जुन्या कोडमधली विचित्र ओळ खोडण्याआधी ती का लिहिली होती ते शोधायचं, ही सवय. म्हणून आजीजवळ बसलो.

पुढची खोली म्हणजे पूर्वीची उघडी ओसरी. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून ती माजघरापेक्षा मुद्दाम खाली. दोन्हीकडे मुरूम धुम्मसाने ठोकून शेणाने सारवलेली जमीन. मग माजघरात शहाबादी आली. आपला काळा दगड पातळ फरश्यांत सुटत नाही. शहाबादचा चुनखडक थराथराने सुटतो. पण तो इथवर आणणार कोण? १८५८मध्ये पुण्याहून रेल्वे दौंडला आली, १८७१पर्यंत सोलापूर, शहाबाद करत रायचूरला पोचली. शहाबादचा दगडही भीमेच्याच खोऱ्यातला. नदी खाली गेली त्या वाटेने फरशी रुळांवरून वर आली म्हणायची!

आजीचं माहेर शिरूरकडचं. घोडनदीला इंग्रजांची छावणी होती, पण रेल्वे आजही नाही. तिच्या लग्नापर्यंत माहेरी सारवणच. "फरशीच्या घरात पोरगी दिली, असं अण्णा गावभर सांगायचे," आजी म्हणाली.

पुढे ओसरीला भिंत घालून खोली केली, लाद्या बसवल्या, आणि मूळची तीन इंचांची पायरी दीडवर आली. घात तिथे झाला. तीन इंच डोळ्याला दिसतात. दीड इंच दिसत नाही, फक्त पाय चुकवतो.

काकांचा पहिला सल्ला: शहाबादी उखडा, माजघर खाली घ्या. आजी काही बोलली नाही, उठून आत गेली. मग दुसरा मार्ग धरला. पुढच्या खोलीत लाद्यांवर प्लास्टिकचा कागद आणि वर ४० मिलिमीटर सिमेंट-वाळूचा थर. पुढचं दार खालून कापावं लागलं. असा थर वाळायला मिलिमीटरला साधारण एक दिवस धरतात, म्हणजे सव्वा महिना. बाबांना घाई होती. पण ओल्यावर कार्पेट टाकलं तर बुरशी आणि वास ठरलेला. थांबलो.

माजघरात कार्पेट टाकलंच नाही. ती फरशी थेट मातीवर आहे, पावसाळ्यात ओल वर येते. तिथे आजीची सतरंजी आहे, रोज सकाळी ती स्वतःच घडी घालते.