लोहाराची गरज आणि लोहाराचा मान

इंग्रजी अमदानीतल्या लोहाराबद्दल बोलायचं म्हटलं की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. पूर्वी गावात त्याला मोठा मान होता, हे एक. आणि विलायती माल आला नि लोहार बुडाला, हे दुसरं. दोन्ही अर्धवट खरी आहेत. मी आज वेगळा प्रश्न विचारणार आहे. ज्याच्यावाचून गावाचं पान हलत नाही, त्याला गावात खालच्या पायरीवर का बसावं लागतं?

आपल्या करडीचंच घ्या. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. नांगराला फाळ, कापणीला विळा, तलावाच्या पाळीला कुदळ-फावडं, बंडीच्या चाकाला लोखंडी धाव. हे सगळं लोहाराच्या, विदर्भातल्या भाषेत खात्याच्या, भात्यावरून यायचं. मृगाच्या तोंडावर फाळ पाजवून मिळाला नाही तर पेरणी अडायची.

मोबदला काय होता? रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात वर्ध्याचा दर दिलाय : चार बैलांच्या नांगरामागे, म्हणजे सुमारे 40 एकरांमागे, वर्षाला 50 पौंड धान्य. म्हणजे जेमतेम 23 किलो! सागरकडे नांगरामागे 20 पौंड आणि पेरणीला मूठभर, कापणीला पेंढी. यात दुरुस्ती आली. नवं अवजार हवं असेल तर कधी वेगळे पैसे, आणि लोखंड नि कोळसा शेतकऱ्यानंच आणून द्यायचा. आता बघा, मोजमाप नांगराचं आहे, घणाच्या घावांचं नाही. आणि भाता ओढणाऱ्या बाईचा तर हिशेबच नाही.

खळ्यावर देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. तरी ती भीक नव्हती, तो हक्क होता. हक्क आणि दान यांतली ही रेषा बारीक आहे, आणि ती पुसट झाली ती इंग्रजी काळात.

1854 मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजाराला जमिनीची मालकी कागदावर मिळाली. लोहाराचा वाटा मात्र गावची चाल म्हणूनच राहिला. सरकारी इंग्रजीत असल्या कारागिरांना ‘मेनियल’, म्हणजे हलका चाकर, म्हणायची पद्धत पडली. तिकडे देशावर त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 च्या ‘गांव-गाडा’तही बलुतं कुणब्यावरचा बोजा म्हणूनच दिसतं.

मग रेल्वे आली. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. कारखान्यातल्या लोखंडापुढे दगड वितळवून लोखंड काढणाऱ्या भट्ट्या टिकल्या नाहीत. मंडला-बालाघाटकडच्या अगरियांची ही कहाणी व्हेरियर एल्विन यांनी 1942 साली लिहिली. गावच्या लोहाराचं काम मात्र सुटलं नाही. तयार पट्टी घडवायला उलट सोपी. अडचण दुसरीकडे होती. लोखंड रोकडीनं यायचं आणि लोहाराची मजुरी धान्यातच राहिली. ही तोंडमिळवणी कशी व्हायची?

याच काळात तुमसरकडे चिखला, डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी निघाल्या. पोलादाला लागणारं खनिज इथून परदेशी गेलं, आणि गावानं लोखंड बाजारातून विकत घेतलं. खाणीतही पहारी पाजवायला भाता लागतोच. तिथं रोख मजुरी. म्हणजे खळ्यावर उभं राहणं चुकलं. पण संध्याकाळी गावात परतल्यावर पायरी तीच, कारण ती जातीनं ठरलेली.

आपण समजतो, उपयोगी पडलं की मान आपोआप मिळतो. लोहाराचा इतिहास तसं सांगत नाही. त्याची गरज कधीच कमी नव्हती. त्याच्या हाती दस्त नव्हता, जमीन नव्हती, स्वतःच्या कामाचा भाव ठरवायची मुभा नव्हती. आज गावोगावी आपल्याला अशी कितीतरी गरजेची माणसं दिसतात. त्यांचे आपण नुसते आभार मानतो, की हक्क मान्य करतो, एवढा प्रश्न तुमच्यापुढे ठेवून थांबतो.