अमर अय्यारची झंबील आणि डोरेमॉनचा खिसा

आमच्या उपनगरातल्या शाळांत पालकसभा भरली की हल्ली एक तक्रार हमखास येते. मुलगा दिवसभर मोबाइलवर जपानी कार्टून बघतो, रात्री चादरीत तोंड घालून चित्रांची पुस्तकं वाचतो, अभ्यासाचं नाव काढलं की चिडतो. ही जपानी कार्टून म्हणजे ‘ॲनिमे’ आणि ती चित्रांची पुस्तकं म्हणजे ‘मांगा’. नारुतो, वन पीस, डीमन स्लेअर ही नावं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही नववीच्या वर्गात विचारून पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये डीमन स्लेअरचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात लागला, तेव्हा त्याचे पहाटेचे शो ठेवावे लागले. फजरच्या नमाजसाठी ज्यांना तीन वेळा हाक मारावी लागते, ती मुलं त्या दिवशी अलार्मशिवाय उठली, असं एका अम्मीनं मला हसत हसत सांगितलं.

पालकांचा आरोप एका शब्दाचा आहे : पळवाट. खऱ्या जगात परीक्षा आहे, भाडं आहे, नोकरी नाही, म्हणून मुलं खोट्या जगात पळतात. काही मौलाना आणि आमचे काही शिक्षकमित्रही हेच म्हणतात. मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे हा आरोप ऐकला की मला दोन्ही भाषांचा दीडशे वर्षांपूर्वीचा काळ आठवतो. तेव्हाही हाच आरोप झाला होता, फक्त जपानी चित्रांच्या जागी आपल्याच दास्तानी होत्या.

आपण काय जाळलं

‘दास्तान-ए-अमीर हमजा’ हे नाव आज किती मुलांना माहीत आहे? हजरत हमजा (रजि.) हे पैगंबरांचे (स.) चुलते, उहुदच्या लढाईतले शहीद. पण दास्तानीतला अमीर हमजा हा लोकांच्या कल्पनेतला वीर आहे. तो देव-दैत्यांशी लढतो, काफच्या डोंगरात परींच्या देशात अडकतो, वर्षानुवर्षं घराबाहेर राहतो. ही गोष्ट इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि इथे वाढतच गेली. बादशाह अकबरानं तरुणपणी तिची चित्रं काढून घेतली. सुमारे चौदाशे मोठी चित्रं, कापडावर, जवळपास पंधरा वर्षांचं काम. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या उस्तादांनी ते सांभाळलं. या चित्रांच्या मागच्या बाजूला मजकूर लिहिलेला असे. चित्र समोरच्यांना दाखवायचं आणि मागचा मजकूर वाचून गोष्ट सांगायची, अशी सोय. त्यातली थोडीच चित्रं उरली आहेत आणि तीही बहुतेक व्हिएन्ना, लंडन अशा परदेशी संग्रहालयांत.

पुढे लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यानं ही दास्तान छापायला घेतली आणि तिचे ४६ जाडजूड खंड झाले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. तो १८८३ पासून मुहम्मद हुसेन जाह आणि नंतर अहमद हुसेन कमर यांनी लिहिला. यातलं एक पात्र म्हणजे अमर अय्यार. हा हमजाचा जिवलग दोस्त. अंगानं किरकोळ, लालची, पण डोक्यानं तेज. त्याच्याकडे एक झोळी आहे, तिला झंबील म्हणतात. तिच्यात अख्खी शहरं मावतात आणि संकटाच्या वेळी पाहिजे ती वस्तू तिच्यातून निघते. डोरेमॉन पाहणाऱ्या मुलाला हे सांगितलं की तो लगेच म्हणतो, “सर, हा तर डोरेमॉनचा खिसा!” बरोबर आहे. फुजिको एफ. फुजिओ यांचा हा निळा मांजर-यंत्रमानव १९६९ च्या अखेरीस जपानी मासिकांतून आला. आपली झंबील त्याच्याआधी कितीतरी पिढ्या गल्लीबोळांत सांगितली जात होती.

मग ती गेली कुठे? १८५७ नंतर उर्दूतल्या सुधारकांना वाटलं की कौम मागे पडली, याचं एक कारण या गोष्टी आहेत. डिप्टी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ ही कादंबरी १८७४ च्या सुमाराची. तिच्यात आजारातून उठलेला नसूह आपल्या घराची सुधारणा करायला निघतो आणि मोठा मुलगा कलीम याची किस्से-कहाण्यांची, शायरीची पुस्तकं आगीत टाकतो. या कादंबरीला इंग्रज सरकारनं बक्षीस दिलं आणि ती शाळांतून शिकवली गेली. हेतू वाईट नव्हता. नजीर अहमदांना पोरं शिकायला हवी होती, मुलींसाठीही त्यांनी लिहिलं. पण पुस्तकाच्या पानांतली ती आग अख्ख्या समाजाच्या मनात शिरली. दास्तान म्हणजे आळशी, नवाबी, वेळ घालवणारी गोष्ट, हे पक्कं झालं. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले, तेव्हा त्यांच्या मागे गादी चालवणारा कुणी नव्हता.

मराठीतही काही वेगळं घडलं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६० च्या दशकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून मराठीत आणल्या आणि ते काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुढे नेलं. ज्यांना आपण ‘निबंधमाले’चे करडे लेखक म्हणून ओळखतो, त्यांच्या हातून अल्लादीन आणि सिंदबाद मराठी घराघरांत गेले, ही गोष्ट आपण विसरतो. याच काळात लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. लोकांनी त्या आवडीनं वाचल्या. १८७२ मध्ये का. बा. मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून अशा लेखनाचा समाचार घेतला. पुढे हरिभाऊ आपट्यांपासून मराठी कादंबरी वास्तवाकडे वळली आणि अद्भुत गोष्ट मुलांच्या कपाटात गेली. उर्दू आणि मराठी, दोन्ही घरांत एकाच पिढीनं एकच दार बंद केलं.

मुंबईनं ते दार उघडं ठेवलं

लिहिणाऱ्यांनी दार बंद केलं तरी ऐकणारे कुठे गेले नव्हते. त्यांना मुंबईच्या सिनेमानं जागा दिली. जे. बी. एच. आणि होमी वाडिया या पारशी भावांनी १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ काढला. होमी वाडियांची बसंत पिक्चर्स पुढे चेंबूरच्या स्टुडिओत गेली. ‘अलीबाबा और चालीस चोर’ (१९५४), ‘हातिमताई’ (१९५६) हे बसंतचेच चित्रपट. उडती सतरंजी, बोलणारा पुतळा, दगड झालेली माणसं असल्या पडद्यावरच्या करामतींत त्या काळी बाबूभाई मिस्त्री उस्ताद मानले जात. समीक्षकांनी अशा सिनेमांना ‘क’ दर्जाचं म्हटलं. पण गिरणीतला जॉबर, गोदीतला हमाल, भिवंडीचा विणकर हे त्याचे प्रेक्षक होते. लखनौच्या छापखान्यातली दास्तान उपनगरातल्या स्टुडिओत जिवंत राहिली.

हातिमताईची गोष्ट इथे थोडी थांबून बघू. हुस्नबानोशी लग्न करायचं तर सात सवालांची उत्तरं आणा, अशी अट आहे. ती अट हातिमसाठी नाही, मुनीर शामी नावाच्या दुसऱ्याच एका आशिकासाठी आहे. त्याच्यात बळ नाही, म्हणून हातिम त्याच्या वतीनं सात वेळा जंगल-वाळवंट तुडवतो. स्वतःला काही मिळणार नाही हे माहीत असून निघतो. यातला प्रवास खरा पळवाटेचा असता तर हातिम पहिल्याच परीच्या बागेत राहिला असता.

राखेतून निघालेला मांगा

आता जपानकडे वळू. तिथेही चित्रं दाखवून गोष्ट सांगायची रीत होती. तिला ‘कामिशिबाई’ म्हणतात. सायकलवर लाकडी चौकट लावून माणूस गल्लीत यायचा, पोरांना गोळ्या विकायचा आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. मजकूर चित्राच्या मागे लिहिलेला. अकबराच्या हमजानाम्यासारखाच! आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथीही चित्रांच्या पोथ्या मांडून रामायण-महाभारत सांगत आलेत. म्हणजे आपण ज्याला परकं म्हणतो, त्या रीतीला आपल्या कोकणातही घर आहे.

१९४५ मध्ये जपानची शहरं बेचिराख झाली. ओसाकावरच्या बॉम्बहल्ल्यात कारखान्यात काम करणारा एक मुलगा वाचला. त्याचं नाव ओसामू तेझुका. तो डॉक्टरकी शिकत होता आणि चित्रं काढत होता. १९४७ साली त्याचं ‘नवं खजिन्याचं बेट’ हे पुस्तक आलं. स्वस्त कागद, खाऊच्या पैशात मिळणारी किंमत, आणि आत समुद्र, जहाज, चाचे. ज्या मुलांनी जळणारी घरं पाहिली होती, त्यांनी ते फाटेपर्यंत वाचलं. पुढे त्याचा ‘ॲस्ट्रो बॉय’ १ जानेवारी १९६३ पासून टीव्हीवर आला आणि जपानी ॲनिमेचा आजचा साचा घडला.

तिथेही विरोध झाला. १९५० च्या दशकात पालकसंघटना आणि शिक्षकांनी मांगा मुलांना बिघडवतो म्हणून मोहीम चालवली, पुस्तकं गोळा करून जाळलीसुद्धा. फरक पुढे पडला. तिथल्या लेखक-चित्रकारांनी हार मानली नाही. त्यांनी गोष्ट बंद केली नाही, तिला मोठं केलं. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या केईजी नाकाझावा यांनी १९७३ पासून ‘बेअरफूट गेन’ हा मांगा लिहिला. म्हणजे ज्याला पळवाट म्हटलं जात होतं, त्याच माध्यमातून जपाननं आपली सर्वांत मोठी जखम मुलांना दाखवली.

१९९३चा रविवार

मुंबईला स्वतःची जखम आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं मेली. जोगेश्वरीनं दोन्ही बाजूंचं मरण पाहिलं. अनेक कुटुंबांनी घरं बदलली, कुणी मुंब्र्याला गेलं, कुणी मीरा रोडला. त्याच वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ सुरू झालं. मूळ मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ ची. हिंदीत गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. आम्ही तेव्हा शाळकरी पोरं होतो. मोहल्ल्यात ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग. आपल्या कळपाचा नसलेला एक पोरगा लांडगे पदरात घेतात आणि त्याला वाचवण्यासाठी आपसात भांडतात, ही गोष्ट त्या वर्षी आम्ही कशी ऐकली असेल, याचा विचार मी आजही करतो. मोठी माणसं आमच्याशी त्या महिन्यांबद्दल बोलत नव्हती. शाळेतही कुणी बोललं नाही. बोलत होता तो मोगली.

त्या जानेवारीतच दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरचा ॲनिमे चित्रपट दाखवला गेला. भारत आणि जपानच्या कलाकारांनी एकत्र बसून चित्रं काढली होती. पण बाहेरचं वातावरण असं होतं की त्या चित्रपटाला थिएटरांत धूमधडाक्यानं यायला जानेवारी २०२५ उजाडावा लागला.

तिलिस्म फोडायचं असतं

तर मग मुलांना बघू द्यायचं का सगळं? नाही, मी असं म्हणत नाही. मोबाइलचं व्यसन खरं आहे, झोप जाते, डोळे जातात, आणि काही ॲनिमे लहान मुलांच्या वयाचे नसतातच. जपानमध्ये अलीकडे एक प्रकार लोकप्रिय आहे, त्याला ‘इसेकाई’ म्हणतात. नायक अपघातात मरतो आणि दुसऱ्या जगात जन्मतो. पुष्कळदा तिथे सगळी ताकद त्याला आयती मिळते आणि परत यायची त्याला गरज वाटत नाही. पालकांची भीती अशा गोष्टींबाबत असेल तर ती रास्त आहे.

पण हे तपासण्याचं माप आपल्याच दास्तानीत आहे. तिलिस्म म्हणजे जादूगारानं बांधलेलं खोटं जग. होशरुबाचा बादशाह अफ्रासियाब तिथे राज्य करतो. आपला नायक तिथे राहायला जात नाही, ते फोडायला जातो. त्याला ‘तिलिस्मकुशा’, तिलिस्म फोडणारा म्हणतात. सिंदबादची गोष्टही बघा. ती ऐकणारा कोण? बगदादच्या उन्हात ओझं वाहून थकलेला, नशिबाला दोष देणारा एक हमाल. त्याचंही नाव सिंदबादच. खलाशी सिंदबाद त्याला आत बोलावतो, जेवू घालतो आणि सातही सफरी ऐकवतो. हमाल रोज रात्री घरी जातो, सकाळी पुन्हा येतो. गोष्टीनं त्याचं ओझं कमी केलं नसेल, पण आपल्याच नावाचा माणूस सात वेळा बुडून सात वेळा वर आला, हे त्याला कळलं. मालाड-मालवणीच्या, गोवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत वन पीस बघणारा मुलगा त्या हमालाच्या जागी आहे.

२०१३ मध्ये बांगलादेशनं हिंदीतला डोरेमॉन बंद केला, कारण तिथली मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली होती. बंदीनं भाषा वाचते का, हा वेगळा प्रश्न आहे. पण त्यातली चिंता आपलीही आहे. आपल्या मुलांनी गोष्टी जपानकडून घेतल्या, कारण आपण आपल्या देणं थांबवलं. २००५ पासून शम्सुर्रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली, पण ती मोठ्या सभागृहांपर्यंत पोचली, महापालिकेच्या उर्दू शाळेत पोचली नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकमित्रांना माझी विनंती एवढीच आहे. मुलाच्या हातातला मांगा हिसकावू नका. त्याला विचारा, तुझा नायक शेवटी घरी परत येतो का? कुणासाठी लढतो? मग त्याला अमर अय्यारची झंबील सांगा, हातिमचे सात सवाल सांगा, उर्दूत सांगा, मराठीत सांगा. ज्यांच्या घरात दादी-नानीकडून ऐकलेले किस्से अजून कुणाला आठवत असतील, त्यांनी ते वहीत उतरवून शाळेत आणावेत. आमच्या वर्गातली चित्रं काढणारी पोरं त्यांची पानं करतील. डाव्या हाताला मजकूर उर्दूत, उजव्या हाताला मराठीत, आणि मध्ये त्यांनी काढलेली झंबील.