गोदावरी परुळेकरांचा ‘ठाणे जिल्हा’

* ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) कादंबरीच्या ओढीने वाचले जाते. पण ते अनुभवकथन आहे आणि त्यातली माणसे खरी आहेत. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांना या पुस्तकासाठी 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

डोळखांबच्या वाचकाने हे ध्यानात घ्यावे, की पुस्तकातला ठाणे जिल्हा आजचा नव्हे. उंबरगाव 1960 मध्ये गुजरातेत गेले, डहाणू-तलासरी 2014 मध्ये पालघर जिल्ह्यात. शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले.

पुस्तकातल्या वारली आदिवासींच्या लढ्याची ठिणगी मात्र डोळखांबकरांच्या ओळखीच्या कसारा मार्गावर, टिटवाळ्यात पडली. जानेवारी 1945 च्या तिथल्या किसान परिषदेला डहाणू-उंबरगावचे वारली आले होते. त्यांच्यात लग्नगडी असत : लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्याच शेतावर राबायचे. फिटले, असे सावकार कधी म्हणतच नसे. मे महिन्यात झरीच्या परिषदेने वेठ नाकारली आणि रोजची मजुरी 12 आणे मागितली.

ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हा त्यांतलाच एक.