नऊ महिन्यांचा परवाना

ऑस्ट्रियातला आर्लबर्ग असो की स्वित्झर्लंडमधलं एंगाडीन, डिसेंबर उजाडला की आज जिथे स्की करणाऱ्यांची झुंबड उडते, त्या खोऱ्यांची जुनी ओळख गरिबीची आहे. वर्षातले कित्येक महिने जमीन बर्फाखाली. उरलेल्या दिवसांत गवत कापायचं, गुरं राखायची, थोडं धान्य आणि बटाटे पिकवायचे. एवढ्यावर घरातली सगळी तोंडं भागत नसत, म्हणून माणसं बाहेर पडत. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातले लोक मिठाई आणि केक बनवणारे कारागीर म्हणून व्हेनिसमध्ये स्थिरावले होते. 1766 मध्ये व्हेनिसने त्यांना शहराबाहेर काढलं, तेव्हा ते युरोपभर पांगले.

मुलांची कहाणी तर याहून करुण आहे. ऑस्ट्रियातल्या टायरॉल आणि फोरार्लबर्गमधली, तसंच ग्राउब्युंडनमधली सात-आठ वर्षांपासूनची पोरं दर वसंतात डोंगर ओलांडून दक्षिण जर्मनीतल्या श्वाबिया भागात गुरं राखायला जात. राफेन्सबुर्गसारख्या गावी त्यांचा चक्क बाजार भरे. शेतकरी पोरांना निरखून पारखून घेत, मजुरी ठरवत आणि घरी घेऊन जात. शरद सरताना अंगावर नवे कपडे आणि खिशात थोडी नाणी घेऊन ही मुलं परतत. 1921 मध्ये व्युर्टेम्बर्ग या तिथल्या जर्मन राज्याने परदेशी मुलांनाही शाळा सक्तीची केली, तेव्हा कुठे ही चाल मोडत गेली.

ज्या खोऱ्यांनी आपली लेकरं दुसऱ्यांच्या दारी राबायला धाडली, तीच पुढे दुसऱ्यांना राबायला बोलावू लागली. हे घडवलं हिवाळ्याने.

सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहान्नेस बाद्रुट यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. 1864 च्या शरदात त्यांनी आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात येऊन बघा, ऊन आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि ईस्टरपर्यंत राहिले. दावोसचा आरंभ वेगळा आहे. राजकीय निर्वासित म्हणून आलेले जर्मन डॉक्टर अलेक्झांडर श्पेंगलर यांना उंचावरच्या कोरड्या हवेत क्षयरोग्यांना उतार पडेल अशी आशा वाटत होती. फेब्रुवारी 1865 मध्ये त्यांच्याकडे हिवाळ्यातले पहिले दोन रुग्ण पोहोचले. त्या काळात आल्प्समधली बहुतेक हॉटेलं उन्हाळ्यापुरतीच उघडत. वेटर आणि आचारी थंडी पडली की समुद्रकाठ गाठत. व्हॅले प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा आणि पुढचा जगप्रसिद्ध हॉटेलवाला सेझार रिट्झ याची उमेदीची वर्षं अशीच गेली, उन्हाळा स्वित्झर्लंडमध्ये आणि हिवाळा रिव्हिएरावर.

स्की आली ती नॉर्वेकडून, आणि सुरुवातीला कुतूहल म्हणूनच. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल 1894 मध्ये दावोसच्या ब्रँगर बंधूंबरोबर स्कीवरून डोंगर ओलांडून आरोझाला गेले आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्या सफरीत लेखकाइतकंच महत्त्व त्याला वाट दाखवणाऱ्या दोघा स्थानिक भावांना आहे. 1907 मध्ये आर्लबर्गमधल्या सांक्ट आंटोनच्या एका हॉटेलमालकाने हान्नेस श्नायडर या सतरा वर्षांच्या पोराला पाहुण्यांना स्की शिकवण्यासाठी पगारावर ठेवलं. श्नायडरची शिकवण्याची पद्धत पुढे ‘आर्लबर्ग’ या नावाने जगभर गेली. पण त्या नोकरीचं खरं मोल असं, की हिवाळ्यात गावातच राहून गावच्या पोराला पोट भरता येऊ लागलं. 1938 मध्ये नाझींनी श्नायडरला अटक केली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत पोहोचला आणि न्यू हॅम्पशरमधल्या नॉर्थ कॉनवे इथे स्की शिकवू लागला.

सगळं पालटलं ते 1934 मध्ये. त्या वर्षी 24 डिसेंबरला दावोसच्या बोल्गन उतारावर इंजिनिअर एर्न्स्ट कॉन्स्टाम यांनी बांधलेली, माणसाला वर ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली. एकदा उतरण्यासाठी तास-दोन तास चढण्याची गरज उरली नाही. साहजिकच पाहुणे वाढले, खाटा वाढल्या आणि हातांची गरजही वाढली. त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेपासून स्वित्झर्लंडमध्ये परदेशी लोकांच्या वास्तव्याचा नवा कायदा लागू झाला होता. लिफ्टचा वाढदिवस आवर्जून आठवला जातो. कायद्याचा कोण आठवणार? पण हिवाळी हंगाम उभा राहिला तो दोहोंच्या आधारावर.

या कायद्याखालचा ‘हंगामी’ परवाना वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा असे. उरलेले तीन महिने देशाबाहेर काढायचे. मालक बदलायचा नाही, प्रांत बदलायचा नाही, बायको-मुलांना आणायचं नाही. महायुद्धानंतर इटलीशी करार झाला आणि माणसांचे लोंढे सुरू झाले. पुढे स्पॅनिश, पोर्तुगीज आणि युगोस्लाव्ह आले. 1960 च्या दशकाच्या मध्यावर असे दोन लाखांवर परवाने होते. त्यांतले पुष्कळ लोक बांधकामावर आणि बरेचसे हॉटेलांत. कियासो आणि ब्रिग इथे सीमेवर आगगाडी थांबे, माणसं रांगेत उघडी उभी राहत, छातीचा एक्स-रे निघे. क्षयरोग्यांच्या पैशावर वाढलेल्या देशाने मजुराची फुप्फुसं अशी तपासून घ्यावी, हे बोचतं.

कामाची चाकोरी गेल्या शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. पहाटे न्याहारीची मांडामांड, मग खोल्या. दुपारी तीन-चार तास सुट्टी, आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत पुन्हा स्वयंपाकघर आणि जेवणघर. ज्याला स्की येते तो त्या सुट्टीत डोंगरावर जातो, ज्याला येत नाही तो झोपतो. नाताळ आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या हे सर्वांत धकाधकीचे दिवस. त्यांच्या मधला जानेवारी थोडा सैल. उतारांवर काम करणाऱ्यांचं घड्याळ आणखी वेगळं. पाहुणे झोपले की यंत्रं रात्रभर बर्फ दाबून सपाट करतात, उजाडताना गस्तीचे लोक स्फोट करून धोकादायक बर्फ आधीच पाडून टाकतात, आणि मगच लिफ्ट चालू होते. राहायला छपराखालची नाहीतर तळघरातली खोली, तीही दोघा-चौघांत. बांधकामावरच्यांच्या वाट्याला तेव्हा लाकडी बराकी येत.

पण हंगामी परवान्याच्या कायद्याचा खरा घाव बसला मुलांवर. आई-बाप दोघंही हंगामी असले, तर मूल आजीकडे ठेवायचं, सीमेपलीकडच्या अनाथाश्रमात ठेवायचं, नाहीतर चोरून आणायचं. चोरून आणलेली मुलं दिवसभर बंद खोलीत असत. रडायचं नाही, धावायचं नाही, दारावर थाप पडली तर ओ द्यायची नाही. शाळा नाही आणि सवंगडीही नाहीत. 1970 च्या दशकात अशी 10 ते 15 हजार मुलं लपून राहत असावीत, असा अंदाज मांडला जातो. श्वाबियाच्या बाजारात आपली पोरं उभी केलेल्या ग्राउब्युंडनमध्येही हाच कायदा चालत होता. गरिबीच्या जुन्या आठवणीने माणूस आपोआप दयाळू होत नाही, याचा यापेक्षा जळजळीत पुरावा शोधूनही सापडणार नाही.

विरोध झाला, पण उलट्या बाजूनेही. 7 जून 1970 रोजी परदेशी लोकांची संख्या आणखी आवळण्याचा श्वार्झेनबाख प्रस्ताव मताला आला. स्त्रियांना तेव्हा देशपातळीवर मताधिकार नव्हता. पुरुषांतल्या 54 टक्क्यांनी तो फेटाळला, म्हणजे 46 टक्क्यांना तो हवा होता. 1981 मध्ये हंगामी परवाना रद्द करा अशी मागणी मतदानाला आली, तेव्हा 84 टक्के लोक नाही म्हणाले. अखेर तो गेला 2002 मध्ये, युरोपीय संघाशी झालेल्या मुक्त संचाराच्या करारामुळे.

हंगाम मात्र चालूच आहे. झेरमॅटच्या पायथ्याशी असलेल्या टेश गावात आज पोर्तुगीज सर्रास कानी पडते. एक हंगाम डोंगरात घालवून मजा करायला येणाऱ्या ब्रिटिश तरुणांची वाट ब्रेक्झिटने अवघड केली. घरभाडी इतकी चढली आहेत, की फ्रान्सने 2016 च्या पर्वतविषयक कायद्यात पर्यटनगावांवर हंगामी कामगारांच्या निवाऱ्याची जबाबदारी टाकली.

लपवलेली ती मुलं आता साठीच्या आसपास आहेत. 2021 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी ‘तेसोरो’ नावाची संघटना काढली. झाल्या अन्यायाची सरकारने दखल घ्यावी आणि माफी मागावी, असं त्यांचं म्हणणं आहे. गरिबीपायी घरातून काढून शेतांवर राबवल्या गेलेल्या स्वतःच्या मुलांची स्विस सरकारने 2013 मध्ये जाहीर माफी मागितली होती. इटालियन आणि स्पॅनिश नावांच्या या मुलांनाही तोच न्याय मिळायला हवा, आणि तो त्यांच्या हयातीत मिळायला हवा.