चौलची नाविक लढाई

चौलची नाविक लढाई : (मार्च १५०८). कुंडलिका खाडीच्या मुखाशी पोर्तुगीज आणि इजिप्तचे मामलूक व गुजरातचा सुलतान यांचे संयुक्त आरमार यांच्यात झालेली लढाई. चौल तेव्हा निजामशाहीचे बंदर होते.

पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सू द आल्मेइदा कोचीनच्या व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी येथे नांगरून होता. मामलूक सेनानी अमीर हुसेन आल्यावर त्याच्या जहाजांना भिडून, वर चढून ती काबीज करण्याचा निर्णय लोरेन्सूने घेतला. दुरून तोफा डागून ती बुडवणे शक्य होते. पण त्यात ना लूट, ना शौर्याचा लौकिक. वारा पडल्याने जहाजांवर चढण्याचा बेत फसला. गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाज याने सावध पवित्रा घेतला : आरंभी तो दूर राहिला आणि नंतर वल्ह्यांच्या हलक्या गलबतांसह लढाईत उतरला. वारा नसतानाही ही गलबते हवी तिकडे वळत.

माघार घेताना लोरेन्सूचे जहाज मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले. जहाजाला पडलेल्या भगदाडातून पाणी भरत होते. निसटण्याची संधी नाकारून तो लढत राहिला व तोफगोळ्याने मारला गेला. हा हट्ट शूराचा खरा, सेनापतीचा नव्हे. अयाजने हाती आलेल्या पोर्तुगीज कैद्यांना चांगले वागवले. पोर्तुगीजांशी पुढे करायच्या तडजोडीची ती तयारीच होती.

३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीव येथे व्हाइसरॉयने तोफांच्या जोरावर या संयुक्त आरमाराचा पराभव केला.