वर्धा जिल्ह्यातील जुने चरखे : संग्रह, दुरुस्ती आणि ऐतिहासिक पुरावा

१

इतिहासाच्या साधनांमध्ये ताम्रपट, शिलालेख, नाणी व दप्तरे यांना जे स्थान आहे, ते घरगुती यंत्रांना अद्यापि लाभलेले नाही. वर्धा जिल्ह्यापुरता विचार केला तरी हा फरक स्पष्ट दिसतो. धाम नदीकाठच्या पवनार येथे नागपूर विद्यापीठातर्फे १९६७ मध्ये उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या खापरांची थरांनुसार नोंद झाली आणि त्यांवरून कालनिर्णयाची चर्चा झाली. त्याच पवनारपासून काही मैलांवर, मगनवाडी, नालवाडी व सेवाग्राम या परिसरात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात एका घरगुती यंत्रावर जितके प्रयोग झाले तितके देशात क्वचितच कोठे झाले असतील. ते यंत्र म्हणजे चरखा. परंतु जुन्या चरख्याचा कोणता भाग मूळचा, कोणता मागाहून बसविलेला, तो कोणी व केव्हा बदलला, असे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहीत. जुने घरगुती यंत्र जमवून दुरुस्त करताना त्यातील ऐतिहासिक पुरावा कसा टिकतो व कसा नष्ट होतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात वर्ध्याच्या चरख्यांच्या आधारे करावयाचा आहे.

हा प्रश्न चरख्यापुरता मर्यादित नाही. पाश्चात्त्य देशांत शिवणयंत्रे, टंकलेखनयंत्रे आणि विजेवर चालणारे धूळशोषक म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर यांचे हौशी संग्राहक पुष्कळ आहेत. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ मध्ये धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. त्याचे यंत्र एवढे अवजड होते की ते घोडागाडीवरून दारापर्यंत आणून रस्त्यावरच उभे करीत आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडीत. अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर याने हाताळता येण्याजोगे यंत्र तयार केले. त्याचे एकस्व १९०८ मध्ये मंजूर झाले व तो व्यवसाय हूवर कुटुंबाकडे गेला. अशा यंत्रातील धुळीची पिशवी, पट्टा, मोटारीचे कार्बन-ब्रश आणि विजेच्या तारेचे वेष्टन हे भाग झिजणारे असतात. यंत्र पुन्हा सुरू करावयाचे तर हेच भाग बदलावे लागतात, आणि त्याचा वापर कसा झाला याच्या खुणाही बहुतांशी ह्याच भागांवर असतात. भारतात धूळशोषकाचा घरोघरी प्रसार १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स या कंपनीची स्थापना झाल्यानंतरचा आहे. त्यामुळे त्याच्या संग्रहाची परंपरा येथे नवी म्हणावी लागेल. घरगुती यंत्राच्या संग्रहाचा व दुरुस्तीचा जुना आणि संपन्न दाखला आपल्याकडे शोधावयाचा झाल्यास वर्ध्याकडेच वळावे लागते.

२

अखिल भारत चरखा संघाची स्थापना सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे झाली. या संघाने जुलै १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी यंत्रेतिहासाच्या दृष्टीने फार बोलक्या आहेत. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, खेड्यातील घरात ते सहज हलविता यावे, स्त्रीला फारसे श्रम न होता सलग आठ तास चालविता यावे आणि ते वीस वर्षे टिकावे, अशा त्या अटी होत्या. वार्षिक देखभालीचा खर्चही किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होता कामा नये, असे बंधन होते. खादीच्या मापात चार फुटांचा एक तार व ६४० तारांची एक गुंडी धरीत. त्या हिशेबाने ही अपेक्षा दिवसाला सव्वासहा गुंड्यांची होते. या स्पर्धेच्या निमित्ताने महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी येथेही प्रयत्न झाला. तथापि सर्व अटी पूर्ण करणारे यंत्र न मिळाल्याने पारितोषिक कोणासही देण्यात आले नाही.

यातील देखभालीची अट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. दुरुस्ती ही यंत्राच्या आयुष्यातील आगंतुक घटना नसून त्याच्या रचनेचाच एक भाग आहे, ही जाणीव तीत दिसते. गावच्या सुताराला व लोहाराला जे दुरुस्त करता येणार नाही ते यंत्र खेड्यात टिकणार नाही, हे अटी घालणाऱ्यांनी ओळखले होते.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली. साबरमती आश्रमात खादीचे तंत्र घडविणारे आणि एप्रिल १९२८ मध्ये पाटण्यास निधन पावलेले मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे घाणी, दिवा, चूल, कागद अशा अनेक साधनांवर काम झाले. मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले.

या संग्रहालयाचे मूळ स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून त्यातील वस्तूंचा अर्थ लागत नाही. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा गृहोपयोगी वस्तूंचा जो अपूर्व संग्रह केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, त्यामागे लोप पावत चाललेल्या कारागिरीविषयीचा जिव्हाळा होता. मगन संग्रहालय उघडले तेव्हा चरखा लोप पावलेला नव्हता. त्याचे नवनवे प्रकार त्याच काळात तयार होत होते. कार्यकर्त्याने साधन पाहावे, समजून घ्यावे आणि आपल्या गावी तसे करवून घ्यावे, हा अशा प्रदर्शनाचा हेतू होता. म्हणजे आज इतिहास म्हणून पाहिल्या जाणाऱ्या वस्तू एके काळी उद्याचे नमुने म्हणून मांडल्या गेल्या होत्या. अधिक चांगला नमुना आला की आधीचा मागे पडे. संग्रह असा थरावर थर चढत वाढला आणि मागे पडलेले नमुनेच पुढे अभ्यासाचे साधन झाले.

३

या थरांचा क्रम स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येतो. सर्वांत जुना प्रकार उभ्या चक्राच्या परंपरागत चरख्याचा. त्याच्या आऱ्यांच्या दोन रांगा असून त्यांची टोके दोरीने नागमोडी विणलेली असतात. या दोरीच्या धावेवरून माळ फिरते व चातीला गती मिळते. त्यानंतर येरवडा चक्र. गांधीजींच्या १९३० च्या येरवडा कारावासात या पेटी-चरख्याला आकार आला. एका मोठ्या चक्राने लहान चक्र आणि लहान चक्राने चाती फिरवावयाची, अशी त्याची योजना आहे. त्यामुळे गती कायम राखून सर्व यंत्र पेटीत मिटविता येते. मगन चरखा हा पायाने चालतो. दोन्ही हात मोकळे राहत असल्याने दोन चात्यांवर एकाच वेळी सूत काढता येते. याचे श्रेय प्रभुदास गांधी यांना दिले जाते. पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी धनुष तकली सिद्ध केली. तीत चक्रच नसते. धनुष्याच्या घर्षणाने चाती फिरते. स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूतील एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला. त्यात गिरणीतील रुळांचे व कड्याचे तत्त्व घरगुती प्रमाणावर आणलेले आहे. प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये ग्रामोद्योग व लघुउद्योगांविषयी जो अहवाल दिला, त्या काळच्या आर्थिक वादांत या चरख्याची उत्पादनक्षमता हा कळीचा मुद्दा झाला होता.

चरखा दिवसाला किती सूत देत असे, या प्रश्नावर खादीच्या अर्थशास्त्राची बरीच इमारत उभी होती. त्याची उत्तरे आजवर मुख्यतः अहवालांतून घेतली गेली. प्रत्यक्ष यंत्र हाही त्याचा साक्षीदार आहे, परंतु ही साक्ष ग्राह्य ठरण्यासाठी यंत्राची दुरुस्ती कशी झाली हे ठाऊक असावे लागते.

४

एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, चक्राचा व्यास २० इंच आणि चातीवरील कप्पीचा व्यास अर्धा इंच आहे. चक्राच्या एका फेऱ्यात चातीचे सुमारे ४० फेरे होतील. ती कप्पी फुटली आणि दुरुस्त करणाऱ्याने तिच्या जागी पाच-अष्टमांश इंचाची बसविली, तर फेरे ३२ वर येतील. डोळ्यांना न जाणवणाऱ्या एक-अष्टमांश इंचाने गती पाचव्या हिश्श्याने घटली. तेवढाच पीळ देण्यास चक्र सव्वापट फिरवावे लागेल, अन्यथा सूत कच्चे राहील. अशा चरख्यावर प्रयोग करून जुन्या कातणाऱ्यांचे आकडे फुगविलेले होते असा निष्कर्ष कोणी काढल्यास, दोष आकड्यांचा नसून कप्पीचा असेल. माळ जाड घेतली, अथवा तिचा ताण बदलला, तरी कमीअधिक प्रमाणात हाच परिणाम होतो.

चातीचे प्रकरण याहून नाजूक आहे. ती किंचित वाकडी असली की थरथरते व धागा तुटतो. गंज काढण्यासाठी ती जोराने घासली तर तिची जाडी बदलते आणि धाग्याने टोकाजवळ पाडलेल्या खुणा पुसल्या जातात. चातीला आधार देणारे चामड्याचे तुकडे वाळून चिरतात. ते बदलणे भागच असते, पण त्यांच्या भोकाची झीज कोणत्या बाजूस अधिक आहे यावरून माळेच्या ताणाची दिशा कळते. मुठीवरची झिलई, पाटावरचे पायाचे घट्टे, आऱ्यांवर खडूने वा सुरीने केलेल्या खुणा यांचीही गोष्ट तीच. लाकडाला नवे रोगण देऊन चरखा देखणा करणारा माणूस अजाणता दप्तरातील अक्षरेच धुऊन काढीत असतो.

वर्ध्याच्या हवामानाची यात भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा लाकूड आकसते व आरे सैल होतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. वाळवी तर बारमाही शत्रू. अशा स्थितीत यंत्राला हात न लावणे हेही संरक्षण ठरत नाही. सेवाग्रामच्या मातीच्या कुटीला वेळोवेळी लिंपण द्यावेच लागते. तेथे लिंपणे हीच जतन करण्याची रीत आहे. चरख्यालाही काही प्रमाणात हाच न्याय लागू पडतो. न फिरविलेला चरखा कसा चालत असे, हे केवळ पाहून कळत नाही. त्याचा आवाज, हाताला लागणारा जोर, पेळूतून धागा ओढताना दोन्ही हातांचा साधावा लागणारा मेळ, हे ज्ञान फिरत्या यंत्रातूनच मिळते.

म्हणून दोन परस्परविरोधी गरजा येथे समोरासमोर येतात. यंत्र चालते करावे तर पुरावा झिजतो. ते कपाटात ठेवावे तर त्याचे कार्य अज्ञात राहते. यातून व्यवहार्य मार्ग असा दिसतो, की मूळ यंत्र स्थिर करून जतन करावे आणि त्याच्या काटेकोर मोजमापावरून प्रतिकृती घडवून ती चालवावी. चरख्याच्या बाबतीत हे फारसे खर्चाचे नाही. गावच्या कारागिराच्या आवाक्यातील यंत्र म्हणूनच त्याची रचना झाली होती. मूळ यंत्राचा एखादा भाग बदलणे अपरिहार्य झाल्यास काढलेला भाग चिठ्ठी बांधून त्याच यंत्राजवळ ठेवावा आणि नव्या भागावर वर्ष घालावे.

५

संग्रहाच्या मूल्याविषयी आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागेल. गांधीजींनी येरवड्यास वापरलेला व पुढे फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्यास दिलेला एक चरखा नोव्हेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधील लिलावात १ लक्ष १० हजार पौंडांस विकला गेला. ही किंमत त्या हातांची होती. तशाच रचनेचा, परंतु अनामिक कातणारीचा चरखा बाजारात कवडीमोल ठरतो आणि माळ्यावरून थेट चुलीत जातो. स्मारक म्हणून पहिल्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु सामान्य घरात रोज किती तास कातले जाई, कोणता भाग वारंवार मोडे, तो कोण नीट करी, या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याच्याच झिजेत आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर कताई शाळेत आली आणि टकळी मुलांच्या हाती गेली. त्या टकळ्या तर कोणालाच जपण्याजोग्या वाटल्या नाहीत.

वर्धा जिल्ह्यात या कामास अनुकूल परिस्थिती आहे. मगन संग्रहालयात निरनिराळ्या प्रांतांचे व काळांचे चरखे आहेत. मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत तांत्रिक जाणकारी उपलब्ध आहे. खेड्यापाड्यांतील घरांत अद्याप काही सरंजाम शिल्लक असणार. कताईच्या साधनांना खादीच्या कार्यात हाच शब्द रूढ होता. प्रत्येक यंत्रासाठी एक पत्रक पुरेसे होईल : चक्र, कप्पी व चाती यांची मापे, लाकडाची जात, झिजेच्या जागा, बदललेले भाग, मिळाल्याचे ठिकाण आणि वापरणाऱ्या घराची माहिती. अशी शंभर पत्रके जमली तरी १९२९ च्या अटींतील १६,००० फुटांचा आकडा सामान्य घरातील यंत्राच्या किती जवळ वा दूर होता, हे यंत्रांच्याच साक्षीने तपासता येईल. ही नोंद दुरुस्तीच्या आधी झाली पाहिजे. एकदा कप्पी बदलून जुनी फेकून दिली, म्हणजे त्या घरापुरता हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.